अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजची प्लेसमेंट टेस्ट: गणित, वाचन आणि लेखनाची तयारी

आपल्याकडे ‘प्लेसमेंट’ म्हटले की कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या आणि शेवटच्या वर्षातली नोकरीची धावपळ डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक कॉलेजमध्ये, मात्र हाच शब्द शिक्षणाच्या पहिल्याच पायरीवर भेटतो आणि त्याचा अर्थ वेगळा असतो. गणिताच्या आणि इंग्रजीच्या कोणत्या वर्गापासून तुम्ही सुरुवात करायची, हे ठरवणारी ही परीक्षा आहे. तिच्यात कोणी नापास होत नाही आणि तिच्यामुळे कोणाचा प्रवेशही अडत नाही, त्यामुळे लोक ती हलक्यात घेतात. पण गुण कमी आले तर विद्यार्थ्याला ‘डेव्हलपमेंटल’ म्हणजे पूर्वतयारीचे वर्ग घ्यावे लागतात. त्यांची फी भरावी लागते, सेमिस्टर खर्ची पडते आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे क्रेडिट पदवीत धरले जात नाही.

मी स्वतः वाणिज्य शाखेची पदवी घेऊन अकरा वर्षांनी अशा परीक्षेला बसले, तेव्हा एक दिवसही अभ्यास केला नव्हता. दहावीला गणितात चांगले गुण होते, या एका भांडवलावर मी गेले आणि नववीत शिकलेले बीजगणित पुन्हा दोन सेमिस्टर शिकून आले. चूक कॉलेजची नव्हती. अपूर्णांकांचा भागाकार कसा करतात हे त्या दिवशी मला खरोखरच आठवले नव्हते. त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीच्या अनेकांची तयारी करून घेतली. त्यांत नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-फोर व्हिसावर आलेल्या मैत्रिणी होत्या, तसेच महाराष्ट्रात बारावी करून आई-वडिलांकडे आलेली मुलेही होती. त्यावरून माझे मत असे झाले आहे की या परीक्षेसाठी नवे फारसे शिकावे लागत नाही. गंजलेले घासून घ्यावे लागते, आणि नेमके काय गंजले आहे ते आधी शोधावे लागते.

परीक्षा द्यावीच लागणार आहे का?

अभ्यासाला बसण्याआधी कॉलेजच्या प्रवेश विभागाला हा प्रश्न विचारावा, कारण गेल्या काही वर्षांत नियम बरेच बदलले आहेत. कॅलिफोर्नियात २०१७ साली ‘एबी ७०५’ हा कायदा संमत झाला. त्यानुसार तेथील कम्युनिटी कॉलेजे विद्यार्थ्याची पायरी प्रामुख्याने हायस्कूलच्या गुणांवरून ठरवतात. २०२२ च्या ‘एबी १७०५’ या कायद्याने ती दिशा आणखी पक्की केली. फ्लोरिडाने २०१३ च्या कायद्याने तेथील सरकारी हायस्कूलमधून अलीकडे पदविका घेतलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना या परीक्षेतून मोकळे केले. या बदलांमागे संशोधनही आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २०१२ च्या सुमारास दाखवून दिले, की विद्यार्थी पुढे कसा टिकेल याचा अंदाज बांधण्यासाठी एका बैठकीतल्या परीक्षेपेक्षा हायस्कूलचे गुण अधिक उपयोगी पडतात, आणि केवळ परीक्षेवर विसंबल्याने अनेकजण चुकीच्या वर्गात जातात.

आपल्या लोकांची अडचण अशी, की महाराष्ट्र बोर्डाची गुणपत्रिका तिथल्या चौकटीत आपोआप बसत नाही. ज्यांच्याकडे भारतीय पदवी आहे त्यांनी गुणपत्रिकांचे मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावे, आणि ते विषयवार असावे. नुसते ‘ही पदवी अमेरिकी बॅचलरच्या तोडीची आहे’ असे सांगणारे मूल्यांकन गणिताच्या सवलतीसाठी पुरे पडेलच असे नाही. पदवीला गणित किंवा संख्याशास्त्राचा पेपर असेल तर गणिताची परीक्षा टळू शकते. एसएटी किंवा एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षांचे गुण असतील तर तेही पुढे करावेत. सवलत आपण होऊन कोणी देत नाही, ती मागावी लागते.

एच-फोर व्हिसावर असलेल्यांना शिक्षणासाठी व्हिसा बदलावा लागत नाही, परंतु पेल ग्रँटसारखी केंद्रीय मदत त्यांना मिळत नाही. ग्रीनकार्डधारकांना ती मिळू शकते, पण पूर्वतयारीच्या वर्गांसाठी तिला ३० सेमिस्टर क्रेडिटांची मर्यादा आहे. दोन्ही बाबतींत निष्कर्ष एकच निघतो, की खालच्या वर्गात घालवलेले सेमिस्टर महागात पडते.

कोणती परीक्षा, तिचे स्वरूप काय?

अनेक राज्यांत ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेची ‘ॲक्युप्लेसर’ ही परीक्षा चालते. तिची जुनी प्रतिस्पर्धी ‘कंपास’ २०१६ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी ॲक्युप्लेसरची ‘नेक्स्ट जनरेशन’ आवृत्ती आली आणि २०१९ पासून जुनी आवृत्ती मागे पडली, म्हणून जुन्या बाजारातून स्वस्तात मिळालेली तयारीची पुस्तके घेताना छपाईचे वर्ष पाहावे. नव्या आवृत्तीत वाचनाचे २० प्रश्न असतात, लेखनाचे २५ असतात, आणि गणिताच्या तीन वेगळ्या परीक्षा प्रत्येकी २० प्रश्नांच्या असतात: पहिली अंकगणिताची, दुसरी संख्यात्मक विचार, बीजगणित व संख्याशास्त्र यांची, आणि तिसरी प्रगत बीजगणित व फंक्शन्सची. तिन्ही द्याव्या लागतातच असे नाही. कॉलेज आणि तुमचा अभ्यासक्रम यांवरून ते ठरते. प्रत्येक परीक्षेचे गुण २०० ते ३०० या पट्टीवर मिळतात. किती गुणांना कोणता वर्ग, हे मात्र प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते. त्यामुळे ‘माझ्या जावेला २५० पुरले’ या माहितीचा तुम्हाला उपयोग नाही. तुमच्या कॉलेजचा तक्ता मागून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

टेक्सासमध्ये ‘टीएसआय’ परीक्षा आहे आणि तिची दुसरी आवृत्ती जानेवारी २०२१ पासून लागू आहे. तेथे कट-ऑफ राज्यभर एकच असतो: गणितात ९५०, वाचन-लेखनात ९४५ आणि निबंधात ५. त्याखाली गुण आले तर परीक्षा तिथेच न थांबता पुढे निदानात्मक भाग सुरू होतो आणि त्यातल्या कामगिरीवरही पात्रता मिळू शकते, म्हणून तो भाग कंटाळून उरकू नये. काही विद्यापीठे गणितासाठी ‘अलेक्स’ वापरतात. तिच्यात जास्तीत जास्त ३० प्रश्न असतात, उत्तर बहुधा स्वतः टंकावे लागते आणि गुण ० ते १०० मध्ये मिळतात. तिची चांगली गोष्ट अशी, की पहिल्या प्रयत्नानंतर ती तुमच्या कच्च्या भागांचा सराव देते आणि कॉलेजच्या नियमांनुसार पुन्हा बसता येते.

पुढचे विवेचन ॲक्युप्लेसर धरून केले आहे, पण अभ्यासाचा गाभा सगळीकडे सारखाच आहे.

बदलत जाणारी प्रश्नपत्रिका

ही परीक्षा संगणकावर होते आणि उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलते. बरोबर उत्तर दिले की अवघड प्रश्न येतो, चुकले की सोपा. बोर्डाच्या परीक्षेत वाढलेल्या माणसाला हे विचित्र वाटते, कारण आपण ‘आधी सोपे सोडवा, अवघड शेवटी’ या शिकवणीवर वाढलो आहोत. येथे प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागे वळून उत्तर सुधारताही येत नाही. ‘पुढे’ हे बटण दाबले की तो प्रश्न संपला. म्हणून प्रत्येक उत्तर, विशेषतः सुरुवातीची, शांतपणे तपासून मगच पुढे जावे.

वस्तुनिष्ठ प्रश्नांना वेळेची मर्यादा नसते. तरीही आपली मुले घाईच करतात, कारण तीन तासांत सात प्रश्न सोडवण्याची सवय हातात बसलेली असते. प्रश्न अवघड होत चालले तर घाबरू नये. बहुधा तुमची उत्तरे बरोबर येत आहेत म्हणूनच ते तसे होत आहेत. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे अडल्यास अशक्य पर्याय काढून टाकावेत आणि उरलेल्यांतून निवड करावी.

पहिला आठवडा: कोरी परीक्षा आणि चुकांची वही

कॉलेज बोर्ड नमुना प्रश्न आणि सरावाचे ॲप मोफत देते. अभ्यास सुरू करण्याआधी त्यातली एकेक परीक्षा कोऱ्या मनाने द्यावी. मोबाईल दूर ठेवावा, कॅल्क्युलेटर घेऊ नये, आणि मुलांना झोपवून मग बसावे. आलेल्या गुणांकडे फारसे पाहू नका, चुकांकडे पाहा.

प्रत्येक चूक एका वहीत तीन रकान्यांत लिहावी: प्रश्न काय होता, मी काय केले, आणि असे का केले. तिसरा रकाना सर्वात महत्त्वाचा. तिथे ‘येत नव्हते’, ‘विसरले होते’, ‘प्रश्न नीट वाचला नाही’ किंवा ‘इंग्रजी शब्द कळला नाही’ यांपैकी एक कारण प्रामाणिकपणे लिहावे. एका मैत्रिणीच्या वहीत गणिताच्या चौदा चुका होत्या आणि त्यांतल्या सहांपुढे शेवटचे कारण होते. तिला गणित येत होते, ती फक्त ते मराठीत शिकली होती. तिने अंकगणिताची उजळणी करत महिना घालवला असता तर तो वाया गेला असता.

गणित: आधी शब्द, मग सूत्रे

मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिले दोन दिवस शब्दांची जोडणी करावी. लसावि म्हणजे तिथला ‘लीस्ट कॉमन मल्टिपल’, मसावि म्हणजे ‘ग्रेटेस्ट कॉमन फॅक्टर’. अंश म्हणजे ‘न्यूमरेटर’, छेद म्हणजे ‘डिनॉमिनेटर’. बहुपदी म्हणजे ‘पॉलिनोमियल’, अवयव पाडणे म्हणजे ‘फॅक्टरिंग’, रेषेचा चढ म्हणजे ‘स्लोप’, केवल मूल्य म्हणजे ‘ॲब्सोल्यूट व्हॅल्यू’. मध्य, मध्यक आणि बहुलक हे अनुक्रमे ‘मीन’, ‘मीडियन’ आणि ‘मोड’. पूर्ण संख्या आणि पूर्णांक संख्या यांतला फरकही आठवून ठेवावा, कारण ‘होल नंबर’ ऋण नसतो, ‘इंटिजर’ असू शकतो, आणि पर्याय नेमके याच फटीत ठेवलेले असतात.

इंग्रजी माध्यमवाल्यांनीही हसू नये. आपण ज्यांना ‘ब्रॅकेट्स’ म्हणतो त्यांना तिथे ‘पॅरेन्थिसेस’ म्हणतात. आपले ‘सायमल्टेनियस इक्वेशन्स’ म्हणजेच एकसामयिक समीकरणे तिथे ‘सिस्टिम ऑफ इक्वेशन्स’ होतात, ‘सर्ड्स’चे ‘रॅडिकल्स’ होतात आणि ‘इंडायसिस’चे ‘एक्स्पोनन्ट्स’. शाब्दिक उदाहरणांत डाइम म्हणजे १० सेंट, निकेल म्हणजे ५ सेंट आणि क्वार्टर म्हणजे २५ सेंट हे गृहीत धरलेले असते. १२ इंचांचा फूट आपल्याला ठाऊक असतो, पण १६ औंसांचा पौंड आणि ४ क्वार्टांचा गॅलन बहुधा पाठ करावा लागतो.

क्रियांचा क्रम हा दुसरा सापळा. आपण ‘कंचेभागुबेव’ म्हणत मोठे झालो, तिथली मुले ‘पेमडास’ म्हणत मोठी होतात, आणि दोन्ही सूत्रे अर्धवट आठवली तर घात करतात. १० − ४ + ३ या उदाहरणात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर असे यांत्रिकपणे केले, तर आधी ७ मिळतात आणि उत्तर ३ येते. खरे उत्तर ९ आहे, कारण बेरीज आणि वजाबाकी एकाच पातळीच्या क्रिया असून त्या डावीकडून उजवीकडे करायच्या असतात. गुणाकार-भागाकाराचेही तसेच: २४ ÷ ४ × २ याचे उत्तर १२ आहे. पेमडासमध्ये गुणाकाराचे अक्षर आधी येते, म्हणून आधी गुणणाऱ्याला ३ मिळतात, आणि ३ हा पर्याय तिथे ठेवलेला असतोच.

अंकगणितात अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी आणि अंदाज यांवर भर असतो. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर काही मोजक्या प्रश्नांपुरताच उघडतो. स्वतःचा नेता येत नाही. पाढे पाठ असलेल्यांना याची धास्ती नको, परंतु अपूर्णांकांचा हात साफ हवा. एका घाण्याला २ पूर्णांक ३/४ कप मैदा लागतो, तर दीड घाण्याला किती? ११/४ गुणिले ३/२ म्हणजे ३३/८, म्हणजेच ४ पूर्णांक १/८ कप. हे दहा सेकंदांत जमले नाही, तर पूर्णांकयुक्त अपूर्णांक आणि अंशाधिक अपूर्णांक यांचे रूपांतर रोज दहा वेळा करावे. शेकडेवारीत उलटे प्रश्न फसवतात. २० टक्के सवलतीनंतर वस्तू ४८ डॉलरला मिळाली, तर मूळ किंमत किती? ४८ च्या २० टक्के काढून ते ४८ मध्ये मिळवणारे ५७.६० वर थांबतात. सवलत मूळ किमतीवर मिळालेली असते, म्हणून ४८ ला ०.८ ने भागावे, आणि उत्तर ६० येते.

दुसऱ्या परीक्षेत समीकरणे, असमानता, गुणोत्तरे, आलेख, संभाव्यता आणि संख्याशास्त्र येते. असमानतेत ऋण संख्येने गुणले किंवा भागले की चिन्ह उलटते, हे सर्वांना ‘माहीत’ असते आणि ऐन वेळी सगळेच विसरतात. −३क्ष + ५ > २० यावरून −३क्ष > १५ मिळते आणि तेथून क्ष < −५. उत्तर आल्यावर एक आकडा घालून पाहावा: क्ष = −६ घेतल्यास १८ + ५ म्हणजे २३ मिळतात, ते २० पेक्षा मोठे आहेत, म्हणजे उत्तर बरोबर. या पडताळणीला पंधरा सेकंद लागतात आणि वेळेची मर्यादा नाही, मग ती टाळायची कशाला? संख्याशास्त्रात गणितापेक्षा समज तपासतात. पाच घरांचे भाडे १५००, १६००, १७००, १८०० आणि १९०० डॉलर असताना शेवटच्या घराचे भाडे ४९०० झाले, तर मध्यक १७०० च राहतो, सरासरी मात्र १७०० वरून २३०० वर जाते. असे का होते हे इंग्रजीत एका वाक्यात सांगता आले, तर हा भाग झाला असे समजावे.

तिसरी परीक्षा प्रामुख्याने अभियांत्रिकी, विज्ञान, संगणक किंवा व्यवस्थापन यांसारख्या, पुढे कॅल्क्युलस लागणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी महत्त्वाची ठरते. तिच्यात वर्गसमीकरणे, बहुपदींचे अवयव, घातांकी व लॉगरिदमची समीकरणे, फंक्शन्स आणि थोडी त्रिकोणमिती असते. फंक्शनचे चिन्ह पाहून पुष्कळजण बिचकतात, पण फ(क्ष) = २क्ष² − ३ असेल तर फ(−२) काढणे म्हणजे क्ष च्या जागी −२ घालणे एवढेच. चूक होते ती कंस न घातल्यामुळे: (−२)² म्हणजे ४, म्हणून उत्तर ५, कंस विसरला की वर्ग −४ होतो आणि उत्तर −११ येते. नर्सिंग किंवा बालशिक्षणासारख्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्याने मात्र या परीक्षेसाठी लॉगरिदम घोकत बसण्याआधी कॉलेजच्या सल्लागाराला विचारावे, की आपल्याला ही परीक्षा लागणार तरी आहे का.

अभ्यासासाठी खान अकॅडमी आणि राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स उपक्रमाची बीजगणिताची पाठ्यपुस्तके मोफत उपलब्ध आहेत. व्हिडिओ पाहणे म्हणजे अभ्यास नव्हे. एक व्हिडिओ पाहिला की कागदावर किमान आठ उदाहरणे सोडवावीत.

वाचन

वाचनाच्या प्रश्नांत लहान-मोठे उतारे साहित्य, इतिहास, समाजशास्त्र, विज्ञान आणि कामकाजाच्या जगातून घेतलेले असतात. मुख्य मुद्दा, सूचित अर्थ, लेखकाचा हेतू, एखादा शब्द तिथे का योजला आणि दोन उताऱ्यांतला संबंध काय, असे प्रश्न येतात. वाक्यात बसणारा शब्द निवडण्याचे प्रश्नही असतात.

आपल्या विद्यार्थ्यांची सर्वात मोठी चूक म्हणजे बाहेरचे ज्ञान वापरणे. उतारा मधमाश्यांवर असेल आणि तुम्हाला मधमाश्यांबद्दल पुष्कळ माहिती असेल, तर ती बाजूला ठेवावी. उताऱ्यात ‘काही भागांत वसाहती घटल्या’ असे असेल, तर ‘मधमाश्या नामशेष होत आहेत’ हा पर्याय चूक आहे, मग तुम्हाला ते कितीही खरे वाटो. ‘नेहमी’, ‘सर्व’, ‘कधीच नाही’ अशा टोकाच्या शब्दांचे पर्याय संशयाने पाहावेत. प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवता आले पाहिजे. सरावात हे अक्षरशः करावे: उताऱ्याच्या छापील प्रतीवर त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढावी, आणि रेघ ओढता आली नाही तर उत्तर बदलावे.

सवय लागावी म्हणून रोज एक इंग्रजी लेख वाचून त्याचा मुख्य मुद्दा एका वाक्यात लिहावा. मी ते मराठीत लिहायला सांगते. विचार कळला की नाही हे मायबोलीत लगेच उघडे पडते, इंग्रजीत मात्र लेखातलेच शब्द उचलून वेळ मारून नेता येते.

लेखन: दुसऱ्याचा कच्चा मसुदा सुधारणे

लेखनाच्या २५ प्रश्नांत स्वतः काही लिहायचे नसते. कोणीतरी लिहिलेल्या कच्च्या निबंधातली वाक्ये क्रमांक घालून दिलेली असतात आणि ती सुधारायची असतात: विरामचिन्हे, क्रियापदाचा मेळ, वाक्याची जागा, जोडशब्द, अनावश्यक वाक्य कोणते. हा भाग कानावर सोडू नये, कारण आपला कान मराठीवर तयार झालेला आहे.

‘गाडी उशिरा आली, माझी मीटिंग चुकली’ हे मराठीत नीटस वाक्य आहे. इंग्रजीत ‘द ट्रेन वॉज लेट, आय मिस्ड माय मीटिंग’ ही मात्र चूक धरली जाते, कारण दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘सो’सारखे अव्यय लागते. माझ्या अनुभवात मराठी माणसाचे सर्वाधिक गुण याच एका चुकीने जातात. त्याखालोखाल ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे, जी मराठीत नाहीतच. ‘गेली पाच वर्षे’साठी ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणतात, तेथे ‘फॉर’ हवे. ‘डिस्कस अबाउट’ मधला ‘अबाउट’ जादा आहे. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे आपल्याकडे खपते, तिथे नाही. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये लांब शब्दसमूह आला तर तो बोटाने झाकून मेळ तपासावा: ‘द बॉक्स ऑफ ओल्ड फोटोग्राफ्स’ला क्रियापद एकवचनीच लागते, कारण कर्ता डबा आहे, फोटो नाहीत.

निबंध असेल तर

काही कॉलेजे ‘राइटप्लेसर’ निबंधही घेतात. तो साधारण ३०० ते ६०० शब्दांचा असतो, संगणकच तो तपासतो आणि १ ते ८ अशी श्रेणी देतो. हेतू आणि रोख, मांडणी, मुद्द्यांचा विस्तार, वाक्यरचनेतील विविधता, शुद्धता आणि विचाराची खोली या अंगांनी तो पाहिला जातो. शब्दलेखन तपासणारी सोय पडद्यावर नसते. काही ठिकाणी कॉलेज या भागाला वेळ लावून देते, ते आधी विचारून घ्यावे.

आपल्या शाळेत निबंध म्हणजे सुरुवातीला सुविचार, मग फायदे, मग तोटे आणि शेवटी ‘सुवर्णमध्य साधावा’. येथे तो साचा नडतो. समजा विषय असा आहे, की पगार कमी पण आवडीचे काम करावे, की पगार चांगला असलेले नावडते काम करावे. पहिल्याच परिच्छेदात एक बाजू घ्यावी. खरी बाजू कोणती याला गुण नाहीत, ती किती नीट पेलली याला आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या परिच्छेदात एकेक कारण आणि त्याखाली एकेक खरे उदाहरण द्यावे. ‘पैसा महत्त्वाचा असतो’ हे विधान झाले. ‘माझ्या मामांनी शिक्षकी सोडून कारखान्यातली पाळी धरली, त्यावर दोन भाच्यांची शिक्षणे झाली, आणि निवृत्तीनंतर ते पुन्हा शिकवण्या घेऊ लागले’ हा विस्तार झाला. चौथ्या परिच्छेदात विरुद्ध बाजूचा सर्वात बळकट मुद्दा मांडून त्याला उत्तर द्यावे. टंकायला बसण्याआधी पाच मिनिटे कच्च्या कागदावर चार ओळींचा आराखडा करावा आणि शेवटची दहा मिनिटे फक्त उपपदे आणि स्वल्पविराम तपासण्यासाठी राखावीत.

तयारीत असे सहा निबंध लिहावेत. ज्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी फक्त मोबाईलवर टंकले आहे त्यांनी संगणकाच्या कीबोर्डचा सरावही याच वेळी करावा.

किती दिवस, किती वेळ

सहा आठवडे, रोज एक तास, हे नोकरी-संसार सांभाळून झेपते. पहिला आठवडा कोऱ्या परीक्षा आणि शब्दसंग्रह यांत जातो. पुढचे तीन आठवडे गणिताला चाळीस मिनिटे आणि वाचनाला किंवा व्याकरणाला वीस मिनिटे द्यावीत, आणि सहाही आठवडे दर रविवारी एक निबंध लिहावा. पाचव्या आठवड्यात पुन्हा पूर्ण सराव परीक्षा द्यावी आणि नव्या चुका जुन्या वहीशी ताडून पाहाव्यात. तीच चूक पुन्हा आली असेल तर ती शिकण्याची पद्धत बदलावी. सहाव्या आठवड्यात नवे काही सुरू करू नये. वेळ दोनच आठवडे असेल तर अंकगणित, एकचल समीकरणे आणि वाक्यजोडणी एवढेच घ्यावे.

परीक्षेच्या दिवशी

फोटो असलेले ओळखपत्र आणि कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक सोबत ठेवावा. कच्चा कागद केंद्रावर मिळतो, फोन बाहेर ठेवावा लागतो. सगळ्या परीक्षा एकाच दिवशी देण्याची सक्ती बहुधा नसते. शक्य असेल तर गणित एक दिवस आणि इंग्रजी दुसऱ्या दिवशी ठेवावे, कारण तिसऱ्या तासाला उतारे डोळ्यांपुढून नुसते सरकत जातात. घरून कॅमेऱ्यासमोर परीक्षा देण्याची सोय असली, तरी लहान मूल असलेल्या घरातून केंद्रावर जाणेच बरे. अपंगत्व किंवा वाचनदोष असल्यास सवलतीसाठी कॉलेजच्या संबंधित विभागाकडे काही आठवडे आधी अर्ज करावा लागतो. त्या दिवशी सांगून उपयोग नाही.

परीक्षेच्या आरंभी तुमच्याविषयी काही प्रश्न येतात, जसे की गणित शेवटचे कधी शिकलात, इंग्रजी तुमची पहिली भाषा आहे का. काही कॉलेजांत या उत्तरांवरून तुम्हाला कोणती परीक्षा द्यायची ते ठरते, आणि इंग्रजी परभाषा असलेल्यांच्या वेगळ्या परीक्षेकडे वळवले जाऊ शकते. त्या परीक्षेत वाचन, वाक्यार्थ, भाषावापर आणि श्रवण असे भाग असतात. खोटे लिहू नये. मात्र शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले असल्यास ते सल्लागाराला आधीच सांगून आपल्याला कोणत्या मार्गाने जायचे आहे हे स्पष्ट करून घ्यावे.

निकाल हाती आल्यावर

वस्तुनिष्ठ परीक्षांचे गुण बहुधा लगेच मिळतात. वर्ग निवडण्याची घाई त्याच पावली करू नये. कट-ऑफ चार-पाच गुणांनी हुकला असेल तर पुन्हा परीक्षा देता येईल का, त्यासाठी किती दिवस थांबावे लागेल आणि फी किती, हे विचारावे. त्याच बैठकीत दुसरा प्रश्न विचारावा: ‘कोरिक्विझिट’ची सोय आहे का? या पद्धतीत विद्यार्थी थेट क्रेडिटच्या वर्गात बसतो आणि जोडीला मदतीचा एक तास घेतो, त्यामुळे सेमिस्टर वाया जात नाही. काठावर असलेल्यांनी खालच्या वर्गापेक्षा हाच मार्ग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र गुण खूपच कमी असतील आणि चुकांच्या वहीत ‘येत नव्हते’ हेच कारण भरलेले असेल, तर खालचा वर्ग मान्य करावा. हट्टाने वरच्या वर्गात बसून नापास झाले तर ती नोंद गुणपत्रिकेवर राहते.

गुणपत्रकाची प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी. नवऱ्याची बदली झाली आणि राज्य बदलले, तर ॲक्युप्लेसर स्वीकारणारे दुसरे कॉलेज हेच गुण चालवून घेऊ शकते, फक्त ते फार जुने नसावेत आणि नव्या कॉलेजचा तक्ता मात्र नव्याने पाहावा लागतो.